खुलताबादची उघडी कबर

दर्गे पाहतांना घुमटांची उंची मोजण्याची संवय रसिकांस जडली आहे. खुलताबादेस ती पुरी पडत नाहीं. १६२६ सालीं वारलेल्या मलिक अंबराचा मकबरा तेथें घुमटासह डौलानें उभा आहे. परंतु १७०७ सालीं निवर्तलेल्या औरंगजेबाची कबर शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारांत, उघड्या आकाशाखालीं आहे. ताजमहाल बांधविणाऱ्या बापाच्या मुलानें सूफी साधूजवळची माती पसंत केली, हेंच त्या स्थळाचें मर्म होय. भोंवतालची संगमरवरी जाळी मागाहून निजामी अमदानींत बसविली गेली. ती सुबक आहे. तथापि तिनें मूळच्या साधेपणास बाध आणला, असें आमचें मत आहे. जुन्या वास्तूंत भर घालणारानें आधीं तिचा हेतु जाणावा, एवढीच आमची अपेक्षा.