‘तेमेरारिओ’ म्हणजे नुसतं ‘बेदरकार’ नव्हे

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या शब्दयाद्यांत ‘तेमेरारिओ’ या विशेषणासमोर बहुधा एकच इंग्रजी शब्द असतो, रेकलेस. आपणही ‘बेदरकार’ लिहून मोकळे होतो. हा अर्थ चूक नाही, अपुरा आहे. संशोधनात अपुरा अर्थ जास्त फसवतो, कारण तो बरोबर वाटतो.

‘कोंदुक्सिओन तेमेरारिया’ म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं. इथे शब्द बसतो. पण ‘खुइसिओ तेमेरारिओ’चं काय? ‘बेदरकार मत’ असं कुणी म्हणत नाही. त्याचा अर्थ, पुरेसा आधार नसताना दुसऱ्याबद्दल करून घेतलेलं मत. स्पॅनिश अकादमीचा कोश हा अर्थ वेगळा नोंदवतो, शब्दयाद्या तो गाळतात. सरकारी कंत्राटांत ‘बाखा तेमेरारिया’ असतं: दर इतका कमी भरलेला की त्या पैशांत काम होईल का, अशीच शंका यावी.

तिन्ही ठिकाणी समान धागा धाडसाचा नाही, न बघता पाऊल टाकण्याचा आहे. मूळ लॅटिन ‘तेमेरे’ म्हणजे आंधळेपणाने, विचार न करता. व्युत्पत्तिकार त्याचं नातं आपल्या ‘तमस्’शी, म्हणजे अंधाराशी जोडतात. उलट ‘तेमेर’ (घाबरणे) आणि ‘तेमेरोसो’ (भित्रा) हे शब्द ‘तिमेरे’ या वेगळ्या लॅटिन क्रियापदातून आले. दिसायला भावंडं, अर्थ जवळजवळ उलटे! अर्थात, व्युत्पत्ती हा आजच्या अर्थाचा पुरावा नव्हे; पुरावा वापरातूनच मिळतो.

अनुवादात काय बिघडतं, ते एका नावावरून बघा. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स 1477 मध्ये नॅन्सीच्या लढाईत मारला गेला. इंग्रजीत तो ‘द बोल्ड’, स्पॅनिशमध्ये ‘कार्लोस एल तेमेरारिओ’. एका भाषेत शूर, दुसरीत अविचारी. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला दुसरा निवाडा कळतच नाही.

म्हणून परक्या भाषेतली संज्ञा वापरताना तिचा प्रतिशब्द शोधून थांबू नका. ती कोणत्या नामांबरोबर येते, अशी निदान तीन उदाहरणं काढा. तिन्ही ठिकाणी तुमचा मराठी शब्द चालतो का ते तपासा. नाही चालला, तर संदर्भाप्रमाणे ‘बेदरकार’, ‘निराधार’, ‘अविचारी’ असे वेगळे शब्द घ्या आणि तळटीपेत कारण सांगा. एका कोशनोंदीवर निष्कर्ष काढणं हासुद्धा खुइसिओ तेमेरारिओच.