‘नेमका’ या शब्दाची गोष्ट

ब्लेझ पास्कालचा द्रवांच्या समतोलावरचा छोटेखानी ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. त्यातला एक परिच्छेद मला कवितेसारखा वाटतो. पाण्याने भरलेलं बंद भांडं. त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्हींत दट्टे. लहान दट्ट्यावरचा एकटा माणूस मोठ्यावरच्या शंभर जणांना तोलून धरतो!

चमत्कार दाखवून पास्काल लगेच हिशेबही चुकता करतो. लहान दट्ट्या इंचभर सरकला, तर मोठा इंचाचा शंभरावा भाग. ट्रकखाली जॅक लावून दांडा वरखाली करणाऱ्या क्लीनरच्या घामात हाच हिशेब असतो.

माझी नजर मात्र अडते ती दुसरीकडेच. दट्टे तोंडात ‘नेमके’ बसलेले हवेत, असं तो जाता जाता म्हणून टाकतो. कागदावर ते बसतातही. लोखंडात बसायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. लंडनचा कुलूपवाला जोसेफ ब्रामा याने १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. पण दट्ट्या सैल ठेवावा तर पाणी गळे, आवळावा तर तो अडकून बसे. तोडगा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेच्या नावावर सांगितला जातो : चामड्याची वाटी, तोंड पाण्याकडे. दाब चढला की वाटीची कड फाकून भिंतीला चिकटते, उतरला की ढिली पडते. चोरालाच राखणीला बसवलं म्हणा ना!

रस्त्याकडेचा जेसीबी (आपल्याकडे कुठलंही खोदणारं यंत्र जेसीबीच) बघताना मला ही वाटी आठवते. पंप फक्त तेल ढकलतो. दाब चढतो तो माती अडते म्हणून. ऑपरेटरचा लिव्हर व्हॉल्व्हमधून तेलाला वाट देतो. दाब चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या वर जातो, फारच चढला तर रिलीफ व्हॉल्व्ह तेल टाकीत परत सोडतो. चामडं जाऊन रबर, प्लास्टिक आलं, कड तीच.

उचलून ठेवलेली बकेट हळूहळू खाली बसायला लागली की मिस्त्री म्हणतो, ‘‘सील गेलंय, किट टाकावं लागंल.’’ सिलिंडर उघडून तो जुनं सील तळहातावर ठेवतो. कडेला एक चीर, नखाला जेमतेम लागणारी.