सकाळी अवशेष, दुपारी माणसं : माया अभ्याससहलींचं एक परखड वाचन

मेक्सिको आणि ग्वाटेमालातले माया अवशेष आता आपल्याकडच्या लोकांना फार लांबचे राहिलेले नाहीत. मुलं अमेरिकेत स्थायिक झाली, त्यांच्याकडे जाणं झालं की आठ-दहा दिवस काढून चिचेन इत्झा बघून येणारे आपल्या मंडळातही आहेत. त्यातल्या तिघा-चौघांनी मला विचारलं, की ‘अभ्याससहल’ म्हणून जे विकलं जातं त्यात अभ्यास किती आणि सहल किती? अशा एका सहलीत मी स्वतः गेलो आहे, आणि बऱ्याच आयोजकांच्या कार्यक्रमपत्रिका जमवून शांतपणे वाचल्या आहेत. कोणा एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण साचा जवळपास सगळ्यांचा एकच आहे. हा लेख त्या साच्याविषयी आहे.

साचा असा. सकाळी दरवाजा उघडायच्या वेळेला आपण अवशेषांपाशी पोचतो. सोबत पुरातत्त्वातले जाणकार व्याख्याते असतात, ते राजे, सनावळी, शिल्पं समजावून देतात. चिचेन इत्झाच्या मोठ्या पिरॅमिडला चार बाजूंनी ९१ पायऱ्या आणि वरची एक, असे वर्षाचे ३६५ दिवस होतात, हे सांगितलं की सगळे माना डोलावतात. मग दुपारी ‘जिवंत संस्कृती’. एखाद्या खेड्यातल्या घरी जेवण, मक्याच्या भाकरी थापायचं प्रात्यक्षिक, कमरेला पट्टा बांधून चालवायचा माग, जमलं तर नाच. थोडी खरेदी आणि परत हॉटेल. म्हणजे इतिहास सकाळी आणि संस्कृती दुपारी. सकाळी बोलणारा बाहेरचा, दुपारी राबणारी माणसं गावातली.

दुपारचा भाग खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. जेवण खरं असतं, विणकाम तर फारच उत्तम असतं. आक्षेप आहे तो मधल्या भिंतीला. ही भिंत न बोलता एक गोष्ट मनात पक्की करते, की सकाळी पाहिलं ते बांधणारे कोणी थोर लोक होते आणि ते गूढपणे नाहीसे झाले. दुपारी भेटले ते साधेभोळे, त्यांचा त्याच्याशी संबंध असलाच तर रक्तापुरता. ‘माया लोप पावले’ हे वाक्य तर बहुतेक माहितीपत्रकांत असतंच.

लोप काय पावलं ते नीट सांगायला हवं. दक्षिणेकडच्या सखल जंगलातली तिकाल, पालेंके, कोपान यांसारखी राजधानीची शहरं नवव्या शतकाच्या आगेमागे ओस पडली. पण उत्तरेला शहरं पुढेही नांदली, आणि पेतेन इत्झा सरोवरातलं शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पॅनिशांच्या हाती पडलं ते १६९७ मध्ये! त्याच्या आधी सतरा वर्षं शिवाजी महाराज जाऊन झाले होते, म्हणजे आपल्या दृष्टीनं हा काही प्राचीन इतिहास नव्हे. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ६२ लाख लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली. मेक्सिकोत २०२० साली एकट्या युकातेक माया भाषेचे पावणेआठ लाख भाषक होते. एवढी माणसं असताना लोप कोणाचा झाला?

आता मुख्य मुद्दा. सकाळच्या व्याख्यानात जे ज्ञान सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं दुपारच्या माणसांशिवाय हाती आलंच नसतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं लिपीचं. स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा यानं १५६२ मध्ये मानी गावात माया ग्रंथ जाळले. आज असे चारच ग्रंथ शिल्लक आहेत. त्याच लांदानं पुढे लिहिलेल्या वृत्तांतात माया ‘मुळाक्षरं’ म्हणून काही चिन्हं उतरवून ठेवली. ती मुळाक्षरं नसून अक्षरचिन्हं आहेत, म्हणजे का, कु, लु अशी, हे १९५२ मध्ये सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव यानं मांडलं. ग्रंथात टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हं होती. ती त्यानं ‘कु-त्सु’ अशी वाचली, आणि युकातेक भाषेत टर्कीला ‘कुत्स’ म्हणतात. कुत्र्याच्या चित्रावर ‘त्सु-लु’, आणि शब्द ‘त्सुल’. शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, तेव्हा आपल्याला हे पटकन उमगावं. पण सांगायचा मुद्दा हा, की वाचन बरोबर की चूक ते ठरवलं बोलींनी. या भाषा घराघरांत टिकल्या नसत्या तर ती दगडावरची अक्षरं आजही नुसती नक्षी म्हणून पाहावी लागली असती.

दुसरं उदाहरण कालगणनेचं. माया लोकांची एक गणना २६० दिवसांची आहे, २० नावं आणि १३ आकडे यांच्या जोडीनं फिरणारी. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात किचे माया लोकांतले ‘अजकीज’, म्हणजे दिवस मोजणारे जाणकार, ती आजही मोजतात. मोमोस्तेनांगो हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. शिलालेखांतल्या तारखा आपल्या इसवी सनात बसवायचा जो हिशेब आज सर्वमान्य आहे, तो या चालू मोजणीशी जुळतो, आणि तो बरोबर असल्याचा हा एक भक्कम पुरावा मानला जातो. पालेंकेचा राजा पाकाल ६८३ मध्ये वारला असं व्याख्याते ठामपणे सांगतात ना, त्या आकड्याच्या मागे डोंगरातल्या या माणसांची शतकानुशतकं न चुकलेली मोजणीसुद्धा उभी आहे. आणि सहलीत त्यांची भेट कशासाठी ठेवलेली असते? तर ‘तुमची माया रास जाणून घ्या’ यासाठी!

तिसरं उदाहरण माझ्या धंद्यातलं. मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे माझी नजर आधी चुन्याकडे जाते. माया शहरं चुन्यावर उभी आहेत. चुनखडीचे दगड लाकडाच्या ढिगात भाजायचे, विरवायचे, आणि त्या चुन्यानं चौक, भिंती, शिल्पं, पाण्याची तळी गिलावायची. व्याख्यात्यांनी हे छान सांगितलं. दुपारी ज्या घरी आम्ही जेवलो तिथे पातेल्यात मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवलेले होते. त्यानं साल सुटतं, पीठ मळलं जातं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपनं मका नेला पण चुन्याची ही युक्ती नेली नाही, आणि जिथे गरिबांचं पोट निव्वळ मक्यावर होतं तिथे पेलाग्रा रोग पसरला. सकाळचा चुना आणि दुपारचा चुना एकच. पण कार्यक्रमपत्रिकेत एक ‘वास्तुकला’ या रकान्यात होता आणि दुसरा ‘स्थानिक खाद्यानुभव’ या रकान्यात. त्या घरच्या आजीबाईंना चुना कुठून येतो, कसा भाजतात, हे कोणी विचारलं नाही. विचारला तो भाकरी गोल कशी येते हा प्रश्न.

या साच्याचं मूळ जुनं आहे. जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड यांनी १८३९-४० मध्ये हा प्रदेश पालथा घातला आणि १८४१ मध्ये स्टीफन्सचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. त्याचं मोठेपण असं, की ही शहरं इजिप्तच्या लोकांनी बांधली वगैरे कल्पना त्यानं बाजूला सारल्या आणि इथल्याच लोकांच्या पूर्वजांना श्रेय दिलं. पण त्याच माणसानं कोपानचे अवशेष ५० डॉलरना विकत घेतले! पूर्वजांना मान आणि वंशजांशी व्यवहार, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. चिचेन इत्झाची जमीन तर २०१० मध्ये राज्य सरकारनं विकत घेईपर्यंत खासगी मालकीची होती. कोपानला १९९८ मध्ये जवळपासच्या चोर्ती माया लोकांनी जमिनीच्या मागणीसाठी अवशेषांची वाट अडवली होती. अवशेष कोणाचे हा प्रश्न तिथे रोजच्या जगण्याचा आहे, आणि व्याख्यानात तो क्वचितच येतो.

त्याहून मोठी गाळलेली जागा ग्वाटेमालाच्या यादवी युद्धाची, १९६० ते १९९६. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांवर जाते. ज्या बळींची पूर्ण ओळख पटली त्यांत ८३ टक्के माया होते. अभियंता म्हणून मला चिशॉय धरणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जागतिक बँकेचं कर्ज असलेल्या या जलविद्युत प्रकल्पासाठी रिओ नेग्रो या आची माया गावानं जागा सोडायला नकार दिला. १३ मार्च १९८२ रोजी तिथल्या ७० बायका आणि १०७ मुलांची सैन्य आणि गस्तीदलाच्या लोकांनी हत्या केली. धरणग्रस्तांना भरपाईचा करार झाला तो २०१४ मध्ये. धरणग्रस्त हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या सहलीत नवव्या शतकात शहरं का ओस पडली यावर दीड तास चर्चा झाली. विसाव्या शतकात गावं का ओस पडली यावर एक वाक्यही नाही.

आता दुसरी बाजू. आयोजक म्हणतात, की लोक सुट्टीवर येतात, त्यांना रडवायचं का? आणि गावकऱ्यांनी प्रत्येक परक्याला आपला इतिहास, आपली दुःखं का सांगावीत? दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. चियापासमधल्या सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये त्सोत्सिल माया लोक जमिनीवर पाइनच्या पात्या पसरून, मेणबत्त्या लावून आपल्या पद्धतीनं प्रार्थना करतात. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. गटातले काही जण त्यावर कुरकुरले. मला विचाराल तर सबंध सहलीतला सगळ्यात चांगला धडा तिथेच मिळाला. काय दाखवायचं आणि काय नाही ते घरमालक ठरवतात, पाहुणे नाही.

शिवाय हे जमत नाही असंही नाही. ग्वाटेमालातलं इशिमचे ही काकचिकेल माया लोकांची जुनी राजधानी. तिथे अवशेषांच्या मागच्या बाजूला वेद्या आहेत आणि त्यांवर आजही होम पेटतात. मार्च २००७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश हे स्थळ बघून गेल्यावर माया पुरोहितांनी जागेचं शुद्धीकरण केलं, आणि त्याच महिनाअखेरीस खंडभरातल्या मूलनिवासींची परिषद तिथेच भरली. अशा जागी सकाळ आणि दुपार वेगळी करताच येत नाही.

व्यक्तीचं उदाहरण द्यायचं तर लिंडा शेले. ही अमेरिकेतली चित्रकलेची शिक्षिका. १९७० मध्ये नवऱ्यासोबत प्रवासी म्हणून पालेंकेला आली आणि तिथेच गुंतली. १९७३ च्या पालेंके परिषदेत तिनं पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांच्यासोबत एका बैठकीत तिथल्या राजांची वंशावळ उलगडली. आपल्यासारख्या पदवीविना इतिहासात शिरलेल्यांना तिचा आधार वाटतो तो यासाठी. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती ग्वाटेमालात माया भाषकांसाठीच लिपीच्या कार्यशाळा घेऊ लागली. ज्यांच्या भाषेनं लिपी उलगडली त्यांच्या हाती ती परत गेली. त्यांच्यातले कित्येक जण आज ती वाचतात आणि नव्यानं लिहितातही.

मग जावं की नाही? जरूर जावं. तिकालचं चार नंबरचं मंदिर, सुमारे ६५ मीटर उंच, जंगलाच्या वर डोकं काढून उभं आहे. ते बघण्यासारखंच आहे. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. अवशेषांवर बोलणाऱ्यांत माया भाषा बोलणारं कोणी आहे का, आणि त्यांना व्याख्याता म्हणून मानधन आहे की नुसतं वाटाड्या म्हणून? १६९७ नंतरचा इतिहास कोणत्या दिवशी आहे? आणि गावातल्या भेटीत काय दाखवायचं ते कोणी ठरवलं? उत्तरं गुळमुळीत आली तर तो कार्यक्रम सहल म्हणून घ्या, अभ्यासाचे पैसे देऊ नका. आणि तिथे पोचल्यावर जेवण वाढणाऱ्या बाईंना भाकरीबद्दल विचाराल ते विचाराच, पण गावाजवळच्या त्या दगडी ढिगाऱ्याला त्या काय म्हणतात आणि त्यांच्या आजोबांनी त्याबद्दल काय सांगितलं होतं, हेही एकदा विचारून बघा. त्यांनी सांगितलं तर वहीत उतरवून घ्या, आणि नाही सांगितलं तर तेही.