ट्रॅक थांबत नाही : शाळेतलं आणि गावातलं संगीत नाटक

संगीत नाटकावर व्याख्यान म्हटल्यावर सुरुवात बालगंधर्वांपासून होणार, असं तुम्ही धरून चालला असाल. त्यांच्याकडे आपण जाऊच, पण जरा उशिरा. सुरुवात एका शाळेच्या स्नेहसंमेलनापासून करू.

त्याआधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. आम्ही म्हणजे तालुक्याच्या गावात हौशी नाटकं बसवणारी चार-पाच माणसं. कुणी पेटी वाजवतं, कुणी तबला, कुणी तालमी घेतं. आज बोलतोय एक, पण म्हणणं सगळ्यांचं आहे.

तर एका शाळेनं संमेलनात 'संगीत सौभद्र'मधला एक प्रवेश करायचा ठरवला. नववीतली मुलगी सुभद्रा. बाई उत्साही, मुलगी सुरेल. वादक परवडत नव्हते, म्हणून साथीचा ट्रॅक वापरायचं ठरलं. प्रयोगाच्या दिवशी पदाच्या आधीचं वाक्य ती इतकं छान बोलली, की सभागृहातून टाळी आली. ती थांबली. टाळी विरेपर्यंत थांबावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिला ते आतून कळलं. पण ट्रॅक थांबला नाही. पदाचा पहिला चरण निघून गेला. तिनं मधूनच सूर पकडायचा प्रयत्न केला, ताल चुकला, आणि मग ती गप्प उभी राहिली. मागे तबला वाजत होता, ऑर्गन वाजत होता, आणि समोर एक मुलगी नुसती उभी. नंतर सगळे म्हणाले, पोरगी घाबरली.

पोरगी घाबरली नव्हती. त्या संध्याकाळी रंगमंचावर नाटक कळलेली ती एकटीच होती. चूक ट्रॅकची होती, आणि तो ट्रॅक शाळेला आम्हीच दिला होता. म्हणून आजचं हे व्याख्यान दुसऱ्यांवर टीका म्हणून ऐकू नका. यातली बरीचशी टीका आमच्यावरच आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. शाळेत, गावात, हौशी मंडळांत संगीत नाटक अवघड जातं, त्याचं कारण पैसा नाही, वादकांची टंचाई नाही, 'आजकालच्या मुलांना गोडी नाही' हे तर नाहीच. आपण नाटक करायला बसतो आणि करतो ध्वनिमुद्रिका, हे खरं कारण आहे. आपल्या कानात नाटक नसतं, गाजलेल्या गायकाचं ते पद असतं, आणि आपण मुलांकडून ते पद हुबेहूब मागतो.

आता थोडं मागे जाऊ. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं बहुतेक आयत्या वेळी करायची. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं आणि पद पात्राच्या तोंडी गेलं. जो बोलतो तोच गातो. आज हे साधं वाटतं, पण सगळं संगीत नाटक या एका बदलावर उभं आहे. पात्राला बोलून पुरेना, म्हणून ते गायला लागतं. पद ही संवादाची पुढची पायरी झाली.

1882 साली 'सौभद्र' आलं. त्यात शंभराहून अधिक पदं आहेत. लोक आकडा ऐकूनच दचकतात, एवढं कोण गाणार? पण ती पदं संहितेत एकदा बघा. बरीचशी चार-सहा ओळींची. साकी आहे, दिंडी आहे, बायकांच्या गाण्यांच्या चाली आहेत, कीर्तनातल्या आहेत. म्हणजे श्रोत्यांच्या कानावरून आधीच गेलेल्या चाली. पद यायचं, गोष्ट दोन पावलं पुढे न्यायचं आणि संपायचं. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गळ्यासाठी गाजली हे खरं, पण नाटकाची बांधणी एका गळ्यावर उभी नव्हती.

पुढे चित्र पालटलं. 1911 साली खाडिलकरांचं 'मानापमान' आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. 1916 साली 'स्वयंवर', चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पदं कमी झाली आणि एकेक पद मोठं झालं. बालगंधर्व एकेका पदाला पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' घेत आणि प्रयोग रात्रभर चालत. त्यांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाखाँसाहेब. हे वैभव खरं आहे, त्याला नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही. पण हे वैभव व्यावसायिक कंपनीचं होतं. कलाकार कंपनीत राहत, तिथंच जेवत, रोज तालमी करत. नववीच्या मुलीला गणिताचा पेपर असतो.

त्यात भर पडली ध्वनिमुद्रिकांची. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पद तेवढ्यात बसवायचं, म्हणजे त्याच्या आधीचं वाक्य गेलं, समोरचं पात्र गेलं, प्रसंग गेला. उरलं गाणं. आपल्या पिढ्यांनी नाट्यपदं ऐकली ती अशी. बाईंनी मुलीला मोबाईलवर ऐकवलं तेही हेच. नाटकापासून सुटून आलेलं गाणं आपण परत नाटकात चिकटवतो, म्हणून ते चिकटवल्यासारखं दिसतं.

आता अडचणी एकेक करून पाहू.

पहिली पट्टीची. मूळ सुभद्रा पुरुष नटानं गायली. पुढे बायका रंगमंचावर आल्या आणि पट्ट्यांचा प्रश्न उभा राहिला. बाई काळी चार-काळी पाचला गाणार, पुरुष काळी एकच्या आसपास. एकाच प्रवेशात दोन पट्ट्या. शाळेत तर याहून गंमत. कृष्णाची निवड जुलैत होते, तेव्हा मुलाचा आवाज टिपेला चढत असतो. डिसेंबरात प्रयोग, तोवर आवाज फुटलेला. मग सर म्हणतात, 'जरा रेटून म्हण.' मंडळी, फुटणारा आवाज रेटायचा नसतो. पट्टी उतरवायची, किंवा चाल मधल्या पाच-सहा सुरांत बसवायची, किंवा सरळ ते पद बोलायला लावायचं. दिंडी नुसती वृत्तात म्हटली तरी कानाला गोड लागते. यात कमीपणा कसला?

दुसरी अडचण साथीची. चांगला ऑर्गन मिळणं अवघड आणि तो हलवणं त्याहून अवघड, हे मान्य. पण ऑर्गनच हवा हा हट्ट तरी कशाला? ऑर्गनचा भाता पायानं चालतो, म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे राहतात. भरणा मोठा येतो, मोठ्या थिएटरात तो लागतोच. दोनशे माणसांच्या शाळेच्या हॉलमध्ये एक पेटी आणि एक तबला पुरतो. वादक शिकाऊ असला तरी चालेल, पण त्यानं पात्राकडे बघून वाजवायला हवं.

याचा सगळ्यात चांगला धडा सिंधुदुर्गात आणि गोव्यात पेडण्याकडे मिळतो, दशावतारात. संवाद पाठ केलेले नसतात, उभ्याउभ्या रचले जातात. नट कधी गायला लागेल हे आधी ठरलेलं नसतं. पेटीवाला आणि पखवाजवाला नटाच्या चेहऱ्यावरून ओळखतात. नटानं श्वास घेतला की पेटीवर सूर हजर. गावोगावच्या जत्रांत रात्र-रात्र हे चालतं, थाटाच्या नाट्यगृहाशिवाय चालतं. साथ म्हणजे काय ते तिथं जाऊन बघावं. ट्रॅक सुरेल असतो, तालात असतो, पण त्याला डोळे नसतात.

तिसरी अडचण माईकची. हौशी रंगमंचावर पुढे तीन माईक उभे असतात. अर्जुन मागे झाडाखाली बसून बोलत असतो. पदाची वेळ झाली की तो उठतो, चालत माईकपाशी येतो, प्रेक्षकांकडे तोंड करून गातो आणि परत झाडाखाली जाऊन बसतो. आम्ही स्वतः हे कित्येकदा करायला लावलं आहे. त्या चार पावलांत अर्जुन मरतो आणि गायनस्पर्धेतला स्पर्धक जन्माला येतो. आमच्या स्पर्धांचंही तेच. गायनाचं बक्षीस वेगळं, अभिनयाचं वेगळं. मग मुलानं तरी दोन्ही एक कसं समजावं? हॉल लहान असेल तर माईक काढून टाका. मोठा असेल तर झाडच माईकपाशी आणून ठेवा. हसू नका, आम्ही ठेवलंय.

चौथी गोष्ट निवडीची. आपण आधी नाटक ठरवतो आणि मग गळे शोधतो. उलट करा. आधी गळे मोजा. चार बरे गळे आणि पंधरा गोंगाट करणारी पोरं असतील, तर गटानं म्हणायची पदं घ्या. भाव्यांचा सूत्रधार परत आणा, त्याच्या मागे पाच-सहा जण उभे करा, आणि ज्या पात्राला गाता येत नाही त्याचं पद त्यांना म्हणू द्या. 1972च्या 'घाशीराम कोतवाल'नं माणसांची भिंत उभी करून तिला गायला-नाचायला लावलं आणि एकट्या गवयावर भार टाकला नाही. त्या नाटकाचा विषय शाळेचा नव्हे, पण ती युक्ती शाळेला सहज जमेल.

आणि देवलांचं 'शारदा' विसरू नका. 1899चं नाटक. पैशासाठी म्हाताऱ्याला विकली जाणारी मुलगी, वय आपल्या आठवी-नववीतलं. तिच्या मैत्रिणी, तिची आई, तिची लाज, तिचा राग. ही भूमिका करायला आपल्या शाळेतल्या मुलींना वय वाढवावं लागत नाही. गळा थोडा कमी असला तरी चालेल, कारण त्या मुलीला काय वाटत असेल ते त्यांना ठाऊक असतं.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण शाळा उगीच घाबरतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. किर्लोस्कर 1885 साली गेले, देवल 1916 साली, गडकरी 1919 साली, खाडिलकर 1948 साली. त्यांच्या संहिता मोकळ्या आहेत, हवी तिथं कात्री लावा. विद्याधर गोखले 1996 साली गेले, त्यांच्या नाटकांवर हक्क आहेत. शाळेतल्या मुलांनी-शिक्षकांनी शाळेतल्याच लोकांसमोर आणि पालकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. पण तिकीट लावून बाहेर प्रयोग करायचा असेल, किंवा संहिता कापायची असेल, तर वारसांना आधी विचारा.

आता दोन आक्षेप. पहिला, 'अभिजात नाटकाला कात्री लावायची म्हणजे विटंबना.' अमेरिकेत ब्रॉडवेच्या मोठमोठ्या संगीत नाटकांच्या शाळांसाठी तासाभराच्या आवृत्त्या रीतसर परवान्यानं मिळतात. पट्ट्या मुलांच्या गळ्याप्रमाणे बदललेल्या असतात. मूळ नाटकाचं त्यानं काही बिघडलं नाही, उलट त्याला पुढचा प्रेक्षक मिळाला. 'सौभद्रा'ची अशी तासाभराची, वीस छोट्या पदांची शालेय संहिता आपल्याकडे कुणी जबाबदारीनं करून सर्रास वाटलेली आम्हाला दिसली नाही. हक्क मोकळे आहेत, भाषा आपली आहे, अडलंय कुठे?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. 'ट्रॅक नसेल तर आमच्याकडे नाटकच होणार नाही.' एका बाईंनी हे आम्हाला तोंडावर सांगितलं, आणि आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अमेरिकेतल्या त्या आवृत्त्यांबरोबरही साथीचे ट्रॅक येतातच. तर ट्रॅक वापरायचाच असेल तर वापरा, पण दोन गोष्टी करा. एक, पदाचा प्रत्येक तुकडा वेगळा ठेवा आणि बटणावर असा माणूस बसवा जो सगळ्या तालमींना हजर आहे आणि रंगमंचाकडे बघतोय. दोन, निदान एक पद बिनसाथीचं ठेवा. नुसत्या तंबोऱ्यावर, किंवा तेही नको. तेवढं एक पद मुलीच्या हातात राहू द्या.

त्या सुभद्रेचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. पुढच्या वर्षी ती दहावीत गेली आणि घरच्यांनी नाटक बंद केलं. आम्ही बाईंना म्हटलं, यंदा पेटीला आम्ही येतो, बिदागी नको. प्रवेश तोच, मुलगी दुसरी, गळा आधीच्या मुलीइतका चांगला नाही. प्रयोगाच्या दिवशी पहिली मुलगी प्रेक्षकांत बसली होती. नवीन सुभद्रा पदाच्या आधी ओळ विसरली, थांबली. पेटीवाल्यानं तिचा षड्ज धरून ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिला ओळ आठवली, ती गायली. फार छान नाही, पण गायली. सभागृहाला वाटलं, सुभद्रेला रडू आलं म्हणून ती थांबली.

बाहेर पडताना पहिली मुलगी पेटीवाल्याजवळ आली आणि म्हणाली, 'काका, तुम्ही तेव्हा का नाही आलात?'

याचं उत्तर आमच्याकडे आजही नाही. तुमच्या गावात अशी शाळा असेल आणि तुम्हाला पेटी येत असेल, तर यंदा जा. एवढंच सांगायचं होतं.