ठरीव वाक्ये आणि बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य

कामावरील ताणाच्या अभ्यासात रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही आधारभूत मानला जातो. कामाचा भार मोठा आणि निर्णयाचा अधिकार तोकडा, अशी जोडी जुळली म्हणजे माणूस खचतो, हे त्याचे सार होय. परंतु जेथे बोलणे हेच काम, तेथे ‘निर्णयाचा अधिकार’ या शब्दांनी नेमके काय समजावयाचे?

या दृष्टीने डेबोरा कॅमेरॉन यांचा ब्रिटनमधील कॉल सेंटरांविषयीचा निबंध (२०००) उद्बोधक आहे. कर्मचाऱ्याने काय बोलावे, स्वर कसा ठेवावा, आवाजात हसू कसे उमटवावे, हे सारे तेथे व्यवस्थापन ठरविते आणि संभाषणे ऐकून त्याचे पालन होते की नाही ते तपासते. ही विहित शैली स्त्रियांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या लकबींतून घडविलेली असते, हे लेखिकेचे निरीक्षण मार्मिक आहे.

तथापि निबंधाचा भर नियमनावर असल्याने ठरीव वाक्य म्हणजे केवळ जाच, असा ग्रह होण्याचा संभव आहे. रॉबिन लाइडनर यांचा १९९३ मधील ग्रंथ हा ग्रह दूर करतो. त्यांनी अभ्यासिलेल्या विमा-विक्रेत्यांना पाठ केलेली वाक्ये हवीशी वाटत, कारण त्यांच्या योगे संभाषणाची सूत्रे विक्रेत्यांच्या हाती राहत. संतप्त ग्राहकापुढेही असे वाक्य ढालीप्रमाणे उपयोगी पडते.

तेव्हा ताणाचे मूळ वाक्य सोडण्याची मुभा नसण्यात शोधले पाहिजे, असे मला वाटते. मराठीत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. इंग्रजीचे एका ‘यू’वर भागते, मराठी बोलणाऱ्यास ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून दर वेळी निवड करावी लागते. बँकेत पैसे अडकल्याने भ्यालेल्या वृद्धेला ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य परके वाटेल. ‘आजी, घाबरू नका, मी बघतो’ असे म्हणावे, हे कर्मचाऱ्याला कळते. पण तपासनीसाच्या यादीत त्या वाक्याला जागा नसेल, तर कळूनही त्याला गप्प बसावे लागते. व्यवस्थापन ‘लवचीकपणा’ मागते तेव्हा त्याला पाळ्या बदलण्याची तयारी अभिप्रेत असते. शब्द बदलण्याचा अधिकार त्यात क्वचितच धरलेला असतो.

कारासेक यांच्या मांडणीत कौशल्य व निर्णय यांना स्थान आहे, शब्दनिवडीला स्वतंत्र स्थान नाही; कॅमेरॉन यांच्याकडे शब्दनिवड आहे, ताणाचे मापन नाही. ही दोन टोके जुळविण्याचे काम भाषाभ्यासकाचे आहे. एकाच कामावरील दोन गटांना तीच वाक्ये द्यावीत, एकाला ती सोडण्याची परवानगी असावी आणि मग दोहोंच्या ताणाची तुलना करावी. संशोधनेच्छू विद्यार्थ्यांनी मराठी सेवाकेंद्रांत हा प्रयोग अवश्य करून पाहावा.