तेराव्याची पंगत आणि आपला चाळीसवा

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक आपल्या विदर्भातले. नाटककार यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे, वास्तव्य नागपूरचे. १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 'कलावैभव'ने ते रंगभूमीवर आणले. ते शोकनाट्य म्हणून ओळखले जाते. पण त्यातले हसू काळे आहे, आणि नाटकाचे खरे बळ त्यातच आहे.

धरणगावच्या देशपांड्यांचे तात्याजी वारले आहेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली आले आहेत. दुःख सर्वांनाच आहे. पण बोलणे चालते ते तेराव्याच्या जेवणाचे. पंगत किती मोठी, पैसा कोणाचा? अंगणात बंद ट्रॅक्टर गंजतो आहे. आतून जख्ख म्हातारी दादी मेलेल्या मुलालाच हाक मारून किती वाजले ते विचारते. घराण्याचे जे दागिने वहिनी रात्री अंगावर चढवून पाहते, तेच पुढे रंजू मास्तराबरोबर पळते तेव्हा हातचे जातात. पंगतीने राखायची ती इभ्रत अशी घरातूनच निसटते.

१९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'तर्फे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'सह तिन्ही नाटके सलग सादर केली. त्यामुळे पहिल्या भागाचा अर्थ पालटला. 'युगान्त'मधला दुष्काळ पाहिल्यावर तेराव्याची पंगत एका घराचा हट्ट राहत नाही. ती पडझडीची पहिली पायरी ठरते. कुलकर्णी यांनीच दोन दशकांनी 'वाडा' पुन्हा उभा केला. त्यात वैभव मांगले भास्कर, तर निवेदिता जोशी-सराफ वहिनी होत्या. जमीनदारी संपून काळ लोटला, तरी नाटक शिळे झाले नाही. कारण विषय जमीनदारीचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे.

हा वाडा ब्राह्मणांचा; आपला त्याच्याशी संबंध काय? आपल्याकडच्या चाळीसव्याच्या देगा आठवाव्यात. जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, असे पैगंबरांनी (स.) सांगितले होते. शेजाऱ्यांनी दुःखितांना जेवू घालावे, ही शिकवण. आपण ती उलटी केली. आज विधवा कर्ज काढते आणि मोहल्ला बिर्याणीत मीठ कमी पडल्याची चर्चा करतो. याहून काळा विनोद कोणता?

मराठी रंगभूमीवर मुसलमान बहुधा सरदार, पठाण किंवा प्रेमळ चाचा म्हणून येतो. त्याच्या घरातली भांडणे, दागिन्यांचे हिशेब, बहिणीचा बुडवलेला वाटा क्वचितच दिसतो. त्यासाठी केवळ इतरांना दोष देऊन भागणार नाही. एलकुंचवारांनी आपल्याच माणसांवर माया ठेवून त्यांना उघडे केले. घरची अब्रू चव्हाट्यावर येईल, या भीतीने आपण गप्प बसतो. 'वाडा'तली माणसेही त्याच भीतीने पंगत उठवतात. मोमिनपुऱ्यातला चाळीसवा रंगमंचावर आणायचा, तर आपल्या लेखकाला आधी या भीतीतून बाहेर यावे लागेल.