एमटीयू ९००० : सल्ला चालतो, पण कारण कुठाय?

लॅबमध्ये नवीन स्टोरेज आलं की सिनियर एक सेटअप गाईड हातात देतो आणि म्हणतो, "यात लिहिलंय तसं कर." आज अशा गाईड्सबद्दलच बोलू. कारण रिसर्च पेपर वाचताना आपण जी चूक करतो, तीच इथे करतो. आकडा घेतो, कारण विचारत नाही.

आयस्कझी म्हणजे डिस्कच्या कमांड साध्या टीसीपी/आयपीवरून पाठवण्याची पद्धत. २००४ साली आरएफसी ३७२० मध्ये ती प्रमाणित झाली, २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने तिची जागा घेतली. गाईड्समधल्या दोन गोष्टी मला पटतात : स्टोरेजचं नेटवर्क वेगळं ठेवा, आणि दोन इथरनेट इंटरफेस दोन वेगळ्या सबनेटमध्ये ठेवून मल्टिपाथ वापरा. एकाच सबनेटमध्ये ठेवले तर लिनक्स बरेचदा सगळा ट्रॅफिक एकाच इंटरफेसमधून काढतं, दुसरा नुसता शोभेला.

पण पुढे लिहिलेलं असतं, "एमटीयू ९००० करा, वेग वाढेल." किती वाढेल? चला, हिशोब करू. एमटीयू १५०० असताना प्रत्येक फ्रेम तारेवर १५३८ बाइट जागा घेते, त्यात कामाचा डेटा १४६०. म्हणजे ९४.९ टक्के. ९००० ला ९०३८ पैकी ८९६०, म्हणजे ९९.१ टक्के. तारेवरचा फायदा जेमतेम साडेचार टक्के! फ्रेमची संख्या सहापट कमी होते, त्यामुळे सीपीयूचा भार हलका होतो हे खरं. पण आजची नेटवर्क कार्डं हे काम बऱ्यापैकी स्वतःच उचलतात. तेव्हा फायदा आहेच असं धरून चालू नका, मोजा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मी स्वतः फसलोय. दोन्ही टोकांना ९००० केलं, मधल्या स्विचकडे पाहिलंच नाही. पिंग चाललं, लॉगिन झालं, डिस्कही दिसली. मोठी फाईल कॉपी करायला घेतली आणि सगळं ठप्प. दोन दिवस मी डिस्कलाच दोष देत बसलो.

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजावरून शकुंतला रेल्वेची नॅरोगेज लाईन जायची. तिच्यावरचा माल मूर्तिजापूरला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरावा लागायचा. त्रास होता, पण माल पुढे जायचा. स्विचकडे असे हमाल नसतात. त्याच्या मापापेक्षा मोठी फ्रेम आली की तो ती गुपचूप टाकून देतो, पाठवणाऱ्याला कळवतही नाही. लॉगिनची पाकिटं लहान, म्हणून ती पार झाली. मोठी अडली. एका टोकाला १५०० आणि दुसऱ्याला ९००० असतं, तर टीसीपीने सुरुवातीलाच लहान माप ठरवून घेतलं असतं. मधल्या स्विचचं माप मात्र त्याला कळत नाही.

गाईडमध्ये एक ओळ असती तर माझे दोन दिवस वाचले असते :

पिंग -एम डू -एस ८९७२

(कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायची, पुढे स्टोरेजचा आयपी.) ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२. "तुकडे करू नको" असं सांगून पाठवलेलं हे पाकीट परत आलं, तर वाट मोकळी.

तिसरी गोष्ट : "दोन पोर्ट बाँड करा, वेग दुप्पट." एलएसीपी एक टीसीपी कनेक्शन एकाच तारेवर ठेवतं. मग एका कनेक्शनला दुप्पट वेग येणार कुठून? म्हणूनच वर मल्टिपाथ म्हटलं.

गाईड फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलने "का?" लिहा. एका वेळी एकच सेटिंग बदला, आधी आणि नंतर मोजा, वहीत नोंदवा. उद्या थिसिसच्या व्हायव्हात परीक्षक हेच विचारणार आहे, आणि तिथे "गाईडमध्ये होतं, सर" हे उत्तर चालत नाही.